चंद्राबाईनं नाव घेतलं नाही

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई म्हणायची. खरंच आहे ते. त्या तोंडापायी आज चंद्राबाईचा जीव टांगणीला लागलाय, आणि मी दिवसातून दहा वेळा एसटीच्या थांब्याकडं बघत बसतो. म्हणून हे लिहून काढतोय. ती आता कुठं आहे ते मात्र लिहिणार नाही. तेवढं तरी शिकलो.

कळंबच्या चौकात माझं सेवा केंद्र आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि बाहेर एक लोखंडी बाकडं. सातबारा, दाखले, लाइट बिल, पोरांचे फॉर्म, सगळं माझ्याकडं होतं. लोक काम घेऊन येतात आणि जाताना माझी बोलणी खाऊन जातात. ऋषिराजची जीभ तिखट, पण काम चोख, असं गावात म्हणतात आणि मला ते आवडायचं.

चंद्राबाई रोज सकाळी आठला माझ्या दारावरून खुरपायला जायची. मागं आठ-दहा बायकांची टोळी. पंचेचाळिशीची, काटक, डोक्याला टॉवेल बांधलेला. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकायची नाहीत, तरी ओळीला लागली की बाकीच्या बायका मागं पडायच्या. जीभ माझ्यापेक्षा तिखट. एकदा विजयसिंहरावांच्या उसात चहा आला. एक घोट घेऊन सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मालक, कारखान्याचं सभासद तुमी, आनि च्यात साखर न्हाय? आमाला काय डायबेटीस समजता व्हय?" विजयसिंहराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांना असं बोलणारी दुसरी बाई गावात नव्हती.

चौदा वर्षांपूर्वी ती एक पिशवी आणि पाच वर्षांची पोरगी घेऊन इथं उतरली. धनगराची होती, बोलण्यावरून कळायचं. माणूस कुठं असतो असं कुणी विचारलं तर सांगायची, "मेंढरांमागं. कोकणात." आमच्याकडची मेंढरं दिवाळीनंतर कोकणात उतरतातच, त्यामुळं कुणाला खोटं वाटलं नाही. पुढं वर्षं गेली तरी माणूस काही दिसला नाही. तेव्हा तिकडंच दुसरं घर केलं असेल असं बायकांनी आपापसात ठरवून टाकलं आणि विषय मिटवला. कुंकू लावायची, हातात बांगड्या होत्या. कुणी जखम उघडी करत नाही.

काही गोष्टी मला तेव्हाच दिसायला पाहिजे होत्या. ती कधी दाराकडं पाठ करून बसली नाही. हॉटेलात चहा प्यायची तर भिंतीला टेकून. लग्नात फोटोवाला आला की उठून भांडी घासायला जायची. आम्ही म्हणायचो, बाई कामाची फार.

तिची पोरगी, तिला आई छकुली म्हणते, तेच नाव मी इथं ठेवतो. एकोणीस वर्षांची. बारामतीला कॉलेजात शिकते. बायकांच्या खात्यावर दर महिन्याला सरकारचे पैसे यायला लागले तेव्हा चंद्राबाईनं ते पोरीच्या एसटी पासला आणि पुस्तकांना लावले. फॉर्म मीच भरला होता. पहिला हप्ता आला तेव्हा तिनं मला पेढा दिला आणि म्हणाली, "जन्मात पयल्यांदा कुनी काय न इचारता दिलं बगा, दादा."

आता या पैशांवरून माझ्या बाकड्यावर रोज भांडण. पेपरात कुणी लिहिलं होतं की बायकांनाच का, देशातल्या प्रत्येक माणसाला दर महिन्याला ठरावीक पैसे द्यावेत, गरीब-श्रीमंत बघू नये, अट घालू नये. ते वाचून विजयसिंहराव तापले. "फुकटचं मिळालं की कामाचा हात आखडतो. आत्ताच खुरपायला बाई मिळंना. उद्या गड्यांनाबी द्या, मंग ऊस काय देव तोडनार हाय का?"

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला आप्पा बसायचे. सत्तरी ओलांडलेले, सगळी हयात मेंढरांमागं गेली, आता पोरं शेती करतात. ते सावकाश म्हणाले, "विजयसिंहराव, गायरान व्हतं तवा तितं चरायला आमाला कुनी कागद मागितला न्हाय. कुनाची मेंढरं, किती मेंढरं, बायको नांदती का न्हाय. गावाचं गायरान, गावातला जो तो चारनार. तसंच हाय हे. द्यायचं तर सरसकट द्या. इचारत बसला की गरीब पयला गळतो."

मी अर्थातच विजयसिंहरावांच्या बाजूनं. कागदाशिवाय जगात काही खरं नसतं असं माझं मत, आणि माझं पोटही कागदावर. मी म्हणालो, "आप्पा, पडताळणी पायजेच. ज्याचं खरं हाय त्याला कागदाची कशाची भीती?"

हे वाक्य मी निदान शंभर वेळा बोललो असेन.

मग पडताळणी आली. प्रत्येक बाईनं आपलं आधार द्यायचं, त्यावर ओटीपी येणार, आणि नवऱ्याचं किंवा बापाचं आधार द्यायचं, त्याच्या मोबाईलवर ओटीपी येणार. तो आकडा टाकला की झालं. पुढं दरवर्षी हेच. माझ्या केंद्रावर ही रांग लागली. वेबसाइट सारखी बंद पडायची, बायका सकाळपासून ताटकळायच्या, ऊन, पोरांची रडारड. लोकांचा वेळ जावा म्हणून मी एक खेळ काढला. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव सरळ घेत नाहीत. घ्यायचं तर उखाण्यात. मी म्हणालो, "जी बाई उखान्यात नाव घेईल तिचाच फॉर्म भरनार." झाली मजा सुरू. साठीच्या भामाबाईनं असला चावट उखाणा घेतला की तिचा म्हातारा दारातून पळून गेला. सगळी रांग हसत होती.

त्यात चंद्राबाईचा नंबर आला.

तिचं आधार झालं, ओटीपी आला, हिरवी खूण आली. मी म्हणालो, "हं, घ्या आता मालकांचं नाव." ती गप्प. मागनं बायका ओरडल्या, "घ्या की चंद्राबाई! लाजताय काय नव्या नवरीवानी!" ती म्हणाली, "वडलांचं चालतंय नव्हं?" वडील वारलेले, त्यांचं आधार कधी निघालंच नव्हतं. मी म्हणालो, "न्हाय चालत. नावच घ्यावं लागंल." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, दादा. माझं ऱ्हाऊ द्या." आवाज बारीक झाला होता. विजयसिंहरावांना साखर मागणारी बाई इतक्या बारीक आवाजात बोलते, आणि मला गड्याला वाटलं, लाजली.

तिची कागदांची प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावरच होती. त्यात पोरीच्या जन्मदाखल्याला पिन मारलेली एक जुनी झेरॉक्स होती. नवऱ्याच्या आधारची. सावळाराम असं नाव. पाठीमागं पेनानं लिहिलेला मोबाईल नंबर. ती पिशवी ओढायला लागली तेव्हा मी हात वर केला, लहान पोराचा चेंडू धरतात तसा, आणि बायका आणखी हसल्या. मी आधारचा नंबर टाकला. ओटीपी पाठवा हे बटण दाबलं. तिकडच्या मोबाईलचे शेवटचे चार आकडे स्क्रीनवर आले. झेरॉक्सच्या पाठीमागच्या नंबराशी तंतोतंत जुळले. मला वाटलं, वा, काम सोपं झालं.

मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला. स्पीकरवर.

"हॅलो," आवाज आला. शांत, जरा घोगरा.

"राम राम पाहुणं. तुमच्या मोबाईलवर आत्ता एक आकडा आला आसंल, तेवढा सांगा. मालकीणबाईंचा फॉर्म भरतोय. त्या तुमचं नाव घ्यायला लाजत्यात."

त्यानं आकडा सांगायच्या आधी विचारलं, "कुठनं बोलताय?"

"कळंबवरनं."

"कळंब लई हायेत. कुठलं?"

"इंदापूर तालुक्यातलं. वालचंदनगरच्या शेजारचं. चौकात आलात की आमचंच केंद्र हाय." हे सगळं मी बोललो. मोठ्या ऐटीत बोललो.

"आस्सं," तो म्हणाला. "घ्या लिहून." सहा आकडे एकेक करून, न चुकता सांगितले, मी टाकत गेलो. मग त्याच आवाजात विचारलं, "पोरगी केवढी झाली वो आता?"

तेव्हा माझा हात थांबला. मी चंद्राबाईकडं बघितलं. ती टेबलाच्या पायाशी खाली बसली होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून, आणि तिच्या बांगड्या थरथरून वाजत होत्या. रांगेतलं हसणं पुढून मागं विझत गेलं. मी फोन बंद केला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात आलं होतं, पडताळणी यशस्वी.

सगळ्या बायकांना बाहेर काढून भामाबाईनं शटर निम्मं ओढलं. चंद्राबाईनं दोन घोट पाणी पिऊन उजवा हात माझ्यापुढं धरला.

"ही दोन बोटं त्यानं उंबऱ्यावर ठिवून दगडानं ठेचली. मी माहेराला पळाले व्हते म्हनून. म्हनला, दुसऱ्यांदा गेलीस तर पाय. मी दुसऱ्यांदा निघाले, दादा. हितं आले."

तो नीरेच्या पलीकडचा. एसटीनं दोन तासांचा रस्ता. तो तिला पुण्यात शोधत होता, कर्नाटकात शोधत होता, आणि ती नदी ओलांडून बसली होती. एवढ्या जवळ कोण शोधणार, हाच तिचा हिशेब. चौदा वर्षं तो बरोबर निघाला. आप्पांना पहिल्यापासून माहीत होतं म्हणे. कोकणात उतरणारी सगळी मेंढरं आणि सगळे धनगर त्यांच्या ओळखीचे, त्यात सावळाराम कुठंच नव्हता. पण त्यांनी चौदा वर्षांत कुणाला सांगितलं नाही. मला चौदा मिनिटं दम निघाला नाही.

चंद्राबाईनं विचारलं, "त्या मशिनीतनं माझं नाव काढता येतंय?"

"पैसं बंद व्हतील."

"व्हऊ द्या. दरसाल त्याला फोन लावायचा म्हंजे मी जगू कशी?"

लाभ नको असा अर्ज मी तिथंच लिहून दिला. तिनं सही केली. अर्ज केला म्हणून तो यायचा थांबणार नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती पोरीला घेऊन गेली. छकुलीनं कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घालणं सोडलं, कारण त्यावर तिच्या नावापुढं बापाचं नाव आहे, आणि ते काढायला परत कागद लागतात.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो आला.

माझ्याच दारात आला, कारण पत्ता मीच दिला होता. पांढरं धोतर, स्वच्छ सदरा, पन्नाशीपुढचा, हातात कापडी पिशवी. आधारकार्ड पुढं ठेवून म्हणाला, "याची एक झेरॉक्स काढा." मी कार्डावरचं नाव वाचलं. मशीनचं झाकण दोनदा हातातून सुटलं. तो हसला. "सावकाश. घाई न्हाय मला. चंद्राबाई कुठं ऱ्हाती?"

"ऊसतोडीला गेली. कर्नाटकात."

"या दिसात ऊसतोड?" कारखान्यांची धुराडी अजून पेटलेली नव्हती. माझं खोटंही माझ्यासारखंच, घाईचं. तो बाहेर बाकड्यावर जाऊन बसला, भाकरी खाल्ली, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघत राहिला. टोळीतल्या बायका कामावरून परतल्या. त्यानं त्यांना विचारलं. "कोन चंद्राबाई?" भामाबाई म्हणाली. "आमच्या गावात न्हाय बा कुनी," दुसरी म्हणाली. त्या दिवशी हसलेल्यांपैकी एकीनंही तिचं नाव ओळखलं नाही.

पुढच्या गुरुवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही. पोलिसांत जावं असं मी म्हणालो, तर आप्पा म्हणाले, "काय सांगशील? बाकड्यावर बसतो म्हनून? तितं पयला तिचाच पत्ता मागतील." मला रात्रीचं जेवण जाईना. माझ्या बायकोनं विचारलं, तुमाला काय करतोय तो? मला काहीच करत नव्हता. नमस्कार करायचा, चहाचे पैसे द्यायचा. तेच सहन होत नव्हतं.

रोज संध्याकाळी चंद्राबाईचा फोन येतो, वेगवेगळ्या नंबरांवरून. एकच विचारते, "आला व्हता का?"

गेल्या गुरुवारी ग्रामसभा होती, देवळाच्या मांडवात. विजयसिंहरावांनी ठराव आणला होता, की सरकारनं कुणालाही सरसकट पैसे वाटू नयेत, पडताळणी आणखी कडक करावी. आप्पा विरोधात बोलले, गायरानाचंच बोलले, आणि अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा विजयसिंहराव उभे राहिले.

"आप्पांचा मान राखून सांगतो. ज्याला गरज न्हाय तो आपन होऊन सोडतो, हे आपल्याच गावानं दाखवलंय. चंद्राबाई. खुरपून खानारी बाई. तिनं सवता अर्ज करून पैसं सोडलं! याला म्हंत्यात स्वाभिमान. पुढच्या सभेला शाल-नारळ देऊन तिचा सत्कार करायचा. फोटो पेपरला देऊ. ऋषिराज, अर्ज तू लिवलास नव्हं? कुठं असती ती आता? पत्ता सांग, गाडी पाठवतो."

मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून सावळाराम बसला होता. त्यानं मान वर केली.

त्या दिवसाचं बायकांनी कुठं बोलून दाखवलं नव्हतं, त्यामुळं विजयसिंहरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यात कपट नाही. तिनं पैसे का सोडले हे मला सांगता येत होतं, आणि ते सांगितलं तर ठराव तिथंच पडला असता. पण सांगायचं म्हणजे ती जिवंत आहे, कुठंतरी आहे, भिऊन बसली आहे, हे त्या खांबाजवळच्या माणसाला सांगायचं. सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायचं नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच बोलणं भाग होतं.

"वारली ती," मी म्हणालो.

बायकांच्या बाजूनं भामाबाईनं गळा काढला. "अगं माझ्या चंद्राबाई, कुठं गेलीस गं मला टाकून!" तिच्यामागं टोळीतल्या सगळ्या. पदर तोंडाला लावून अशा रडल्या की मलाच क्षणभर खरं वाटलं. आप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "पाहुण्यांकडं गेली व्हती. तितंच," एवढंच ते बोलले. विजयसिंहरावांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळा गाव उभा राहिला, तोही राहिला. टोपी हातात घेऊन, मान खाली घालून.

सभा संपल्यावर तो सरळ विजयसिंहरावांकडं गेला. हात जोडून म्हणाला, "मी तिचा मालक. सावळाराम. आमचं पटलं न्हाय, पन बायकोच ती. मला तिच्या मरनाचा दाखला पायजे."

विजयसिंहरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बराबर हाय तुमचं. कागद तर पायजेच." आणि माझ्याकडं वळले, "ऋषिराज, ह्यांना दाखला काढून दे. पुढच्या गुरुवारी येतील न्यायला."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो? जिवंत बाईच्या मरणाचा दाखला कुठल्याच ऑफिसात निघत नाही, आणि नसलेला करून दिला तर मी तुरुंगात. नाही दिला तर त्याला कळेल.

त्या संध्याकाळी चंद्राबाईचा फोन आला. आला व्हता का, तिनं विचारलं. मी सभेतलं सांगितलं. ती मेली म्हणून सांगितलं, बायका रडल्या, गाव उभा राहिला. तिकडं ती हसली की रडली, मला समजलं नाही.

"म्हंजे आता मला कुनी हुडकनार न्हाय?" ती म्हणाली. "दादा, मंग मी उद्या बाजाराला जाऊ का? छकुलीला संगं घिऊन? दिवसाउजेडी?"

"जावा," मी म्हणालो.

दाखल्याचं तिला सांगायचं मला धाडस झालं नाही. आज मंगळवार आहे.